साडेसहाचा डबा, पावणेएकची सुट्टी: तिसरीच्या वर्गातील प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

पालक-शिक्षक संघाच्या वर्षातील पहिल्याच बैठकीत डब्याचा विषय निघाला, आणि त्याला यंदाचे नवे वेळापत्रक कारणीभूत होते. राज्य शासनाच्या फेब्रुवारीतील निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग आता सकाळी नऊच्या आधी भरत नाहीत. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण त्यामुळे आमची मोठी सुट्टी पावणेएकवर गेली आणि घरोघरची डबा भरण्याची वेळ मात्र जागची हलली नाही. एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला किंवा पुण्याच्या सकाळच्या गाडीला निघणारे आईवडील साडेसहाला डबा भरूनच घराबाहेर पडतात, आणि मुलाला पुढे आजी किंवा शेजारच्या काकू तयार करून शाळेत पाठवतात. म्हणजे सकाळी बंद झालेले झाकण सव्वासहा तासांनी उघडते. आमची शाळा विनाअनुदानित असल्यामुळे येथे शालेय पोषण आहार शिजत नाही, त्यामुळे मुलाच्या दुपारच्या जेवणाची सगळी भिस्त या डब्यावरच आहे.

तिसरीचा वर्ग माझ्याकडे असल्याने प्रकल्पासाठी तोच घ्यायचे ठरले. काम साधे आहे: डब्यात काय आले यापेक्षा डब्यात काय उरले ते पाहायचे, ते का उरले ते शोधायचे आणि पालकांशी बोलून त्यावर उपाय करून बघायचे. एक अट मात्र सर्वांनी आधीच मान्य केली की, उरलेल्या डब्यावरून मुलाला घरी किंवा शाळेत बोलणी बसणार नाहीत. बोलणी बसू लागली की मुले उरलेले अन्न वाटेतच टाकून देतात, आणि मग शोधण्यासारखे काही हाती राहत नाही.

२१ जून २०२४, शुक्रवार

आज सुट्टीत वर्गात बसून केवळ निरीक्षण केले. सर्वांत आधी लक्षात आली ती गोष्ट स्वयंपाकाची नव्हतीच. एक मुलगी रबराचे झाकण असलेला गोल स्टीलचा डबा दोन्ही गुडघ्यांत धरून ओढत होती, शेवटी तो माझ्याकडे आणून म्हणाली, “बाई, झाकण निघतच नाही.” झाकणाची कड अंगठ्याने दाबून किंचित उचलली तेव्हा फस्स असा आवाज झाला आणि झाकण अलगद हातात आले. अन्न वाफाळते असताना डबा घट्ट बंद केला की आतली वाफ निवून तिचे पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. आठ वर्षांच्या हातात तेवढा जोर नसतो. अर्ध्या तासाच्या सुट्टीतला हात धुण्याचा आणि रांगेचा वेळ वजा केला, तर जेवायला जेमतेम वीस मिनिटे राहतात, आणि त्यातली काही झाकणाशी झटण्यात जातात.

झाकण निघाल्यावर दिसले ते असे: झाकणाच्या आतल्या बाजूला टपोरे थेंब, वरची चपाती त्या थेंबांनी ठिपकेठिपके ओली झालेली, आणि कडेची बटाट्याची भाजी पाणी सुटून चपातीच्या घडीत शिरलेली. मुलीने मधला कोरडा भाग खाल्ला आणि बाकीचे झाकून ठेवले. मोठ्या माणसानेही बहुधा तेच केले असते.

२७ जून २०२४, गुरुवार

हा आठवडा चपातीवर गेला, आणि जाणे योग्यच होते, कारण वर्गातल्या बहुतेक डब्यांत रोज तीच असते.

चपाती वाळते म्हणून कडक होते असा सर्वांचा समज असतो, पण पाणी न उडताही ती कडक होते. तव्यावर कणकेतला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो आणि थंड होताना त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटू लागतात. ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते, म्हणून रात्रीच चपात्या करून फ्रीजमध्ये ठेवणे आणि सकाळी त्या डब्यात घालणे हा सगळ्यांत वाईट पर्याय ठरतो. त्यापेक्षा रात्री कणीक मळून ठेवावी. सकाळी ती जराशी काळपट दिसते, पण चपाती चांगली होते.

पालकांपैकी ज्यांच्या चपात्या दुपारपर्यंत मऊ राहतात, त्यांना विचारून घेतलेली पद्धत अशी आहे. कणीक नेहमीपेक्षा सैल मळायची, तेलाचे मोहन थोडे वाढवायचे आणि मळून निदान वीस मिनिटे झाकून ठेवायची. तवा चांगला तापलेला हवा, म्हणजे चपाती झटपट भाजून उतरते. मंद आचेवर रेंगाळलेली चपाती तव्यावरच वाळते. उतरवल्यावर ती ताटात न टाकता परडीत किंवा जाळीवर उभी-आडवी ठेवायची, वाफ गेली की तूप लावून घडी घालायची, आणि धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून मगच डब्यात ठेवायची. फडके उरलेली वाफ पिते. यात वेळ जातो तो फक्त निवण्याचा, आणि तेवढ्यात भाजी परतून होते. चपाती कोरडी असल्यामुळे ती निवली तरी बिघडत नाही. निवण्याची भीती कशाची बाळगायची, ते पुढे येईल.

एका आजींनी चपातीच्या कणकेत पाण्याऐवजी अर्धे दूध घालून पाहिले. चपाती मऊ राहिली खरी, पण रोजच्या डब्याला हा खर्च कशाला, असे त्यांचे त्यांनीच ठरवले.

५ जुलै २०२४, शुक्रवार

साताऱ्याचा पाऊस सुरू झाला असून हवेत इतका दमटपणा आहे की वर्गातले खडूसुद्धा सर्द झाले आहेत. डब्यातल्या भाजीला सुटणारे पाणी हा या आठवड्याचा विषय आहे.

भाजीतले पाणी मिठाने सुटते, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून डब्याची भाजी शेवटी झाकण काढून परतावी आणि कढईच्या तळाशी पाणी दिसेनासे झाल्यावरच उतरवावी. याहून चांगला उपाय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. सिमला मिरची, मेथी, कांद्याची पात, कोबी या भाज्यांना बेसन पेरले की सुटलेले पाणी पीठ शोषून घेते आणि भाजी मुलाच्या हाताने चपातीत सहज उचलली जाते. दोडका, दुधी आणि लाल भोपळ्याला दाण्याचे कूट हेच काम करते. भेंडी धुऊन, पूर्ण पुसून मगच चिरावी, आणि तार सुटू लागली तर अर्धे आमसूल टाकावे. काकडीची कोशिंबीर डब्यात द्यायचीच नाही. काकडीचे उभे तुकडे मीठ न लावता वेगळ्या डबीत द्यावेत आणि मीठ-जिऱ्याची पूड पुडीत बांधून द्यावी. ही पुडी मुलांना फार आवडते असे दिसले, बहुधा तिखटमीठ स्वतःच्या हाताने लावण्यात मोठेपणा वाटत असावा.

ओले खोबरे मात्र डब्यातून पूर्ण बंद करण्यास सांगितले आहे. पोह्यांवर, उपम्यावर, भेंडीवर ते भुरभुरण्याची अनेक घरांची सवय आहे, पण दमट हवेत कोंडलेल्या डब्यात सर्वांत आधी आंबते ते ओले खोबरेच. त्याच्या जागी सुके खोबरे भाजून घालावे.

१६ जुलै २०२४, मंगळवार

आजची पालकसभा लांबली, कारण विषय भाताचा होता आणि भातावर प्रत्येकाचे मत असते.

अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की त्यात जंतू वेगाने वाढतात. म्हणून शिजवलेले ओलसर अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक नको, असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो. हा नियम अक्षरशः पाळायचा तर आपल्याकडचा एकही डबा शाळेत पोचणार नाही, हे एका वडिलांनी लगेच दाखवून दिले आणि ते बरोबर होते. तरीही नियमाचा रोख ओळखता येतो. धोका कोमटपणात आणि ओलसरपणात आहे. चपाती, धपाटे, कोरडी भाजी, चटणी हे पदार्थ सहन करतात. भात, वरण, रस्सा, पनीरची ओली भाजी हे करत नाहीत.

भाताचे विशेष कारण असे की तांदळात असणाऱ्या बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांचे एक विष असे असते की भात पुन्हा गरम केल्यानेही ते नष्ट होत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात घालणे थांबवावे, असे स्पष्ट सांगितले. शिळ्या भाताला विरोध नाही. पण तो रात्रीच परातीत पसरून लवकर निववावा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा, सकाळी खणखणीत गरम करावा आणि थर्मासच्या डब्यातच द्यावा.

थर्मासचा डबा वापरण्याचीही रीत आहे. आधी त्यात उकळते पाणी ओतून पाचेक मिनिटे झाकून ठेवावे, ते ओतून देऊन लगेच वाफाळते अन्न काठोकाठ भरावे. अर्धा रिकामा राहिलेला किंवा थंडच असलेला थर्मास अन्न गरम ठेवत नाही. ते तासन्‌तास कोमट ठेवतो, आणि कोमट हेच तर आपल्याला नको आहे. ज्यांच्याकडे असा डबा नाही त्यांनी तो विकत घ्यावा असे मी मुळीच सुचवले नाही. त्यांनी भात रात्रीच्या जेवणात ठेवावा, एवढेच.

२६ जुलै २०२४, शुक्रवार

“डब्यात प्रोटीन कमी पडते का?” असे विचारणाऱ्या पालकांसाठी आज फळ्यावर हिशेब मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,७०० किलोकॅलरी ऊर्जा आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. डब्याने त्यातला तिसरा हिस्सा उचलला तरी पुष्कळ, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोकॅलरी आणि आठ ग्रॅम प्रथिने. साठ ग्रॅम कणकेच्या दोन चपात्यांतच सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. त्यांना मूठभर शेंगदाण्यांची चटणी किंवा बेसन पेरलेल्या भाजीची जोड मिळाली की हिशेब पुरा होतो आणि धान्याला कडधान्याची साथ मिळाल्याने प्रथिनांची प्रतही सुधारते. तेव्हा डब्यासाठी महागडी पावडर घेण्याचे काही कारण नाही.

प्रत्यक्षात डब्यांत कमी दिसतात त्या भाज्या आणि फळे. चपातीच्या आकाराच्या मानाने भाजी चमचाभर असते, आणि तीही आठवड्यातून बरेचदा बटाट्याचीच. लिंबाची फोड देण्याचा आग्रह मात्र धरला आहे, कारण कडधान्यातले आणि पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि मुलांना लिंबू पिळायला आवडते.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

श्रावणी सोमवार. मुलांचे उपवास नसले तरी घरात खिचडी होते आणि तीच डब्यात येते. सकाळी मोकळी झालेली साबुदाण्याची खिचडी दुपारी एकजीव गोळा होते, आणि मुले त्यातले शेंगदाणे वेचून बाकीची परत नेतात. सोमवारसाठी राजगिऱ्याची वडी, दाण्याचा लाडू आणि केळे असा पर्याय सुचवला आहे.

शेंगदाण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट नोंदवायची आहे. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे त्याच्या पालकांनी लेखी कळवले आहे. आपल्याकडे कूट कशात नसते, हे सांगणे कठीण असल्याने त्या मुलाच्या बाकावरची वाटावाटी बंद केली आणि त्याचे कारण वर्गाला सरळ सांगितले. मुलांनी ते मोठ्यांपेक्षा लवकर स्वीकारले.

२३ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या जपानी पद्धतीच्या डब्यांची चित्रे फिरत आहेत: भाताचे अस्वल, गाजराची फुले, काकडीची बेडके. दिसायला ती सुरेख आहेत याविषयी वाद नाही, पण जितके अधिक कापाल आणि जितके अधिक हाताळाल तितके अन्न लवकर बिघडते, आणि दप्तरात तासन्‌तास उलटसुलट झालेल्या अस्वलाचे पुढे काय होते ते चित्रात दाखवत नाहीत. डबा मोहक करण्याचे साधे मार्ग आहेत. पांढरट चपातीशेजारी एक हिरवी आणि एक लाल गोष्ट असली की डबा उघडताच मुलाचा चेहरा बदलतो. बिटाचा रस घालून मळलेली कणीक किंवा गाजराच्या चार काड्या एवढ्यानेही ते साधते. त्याहून मोठा फरक पडतो तो आकाराने. चपातीला मेथीची भाजी लावून, घट्ट गुंडाळी करून ती मधोमध कापून दिली की एका हाताने खाता येते, आणि गप्पा मारत खाणाऱ्या मुलाचा दुसरा हात मोकळा राहतो. याच मेथीच्या भाजीकडे वेगळ्या वाटीत असताना कोणी पाहिले नव्हते.

वासाचा प्रश्न याच आठवड्यात पुढे आला. मुळ्याचे पराठे आणणाऱ्या मुलाने शेजाऱ्यांच्या हसण्यामुळे डबा उघडणेच सोडले होते. त्याच्या आईला पदार्थ बदलण्यास सांगणे सोपे होते, पण ते मला पटले नाही. बसण्याच्या जागा बदलल्या, आणि त्या दिवशी त्याच्याकडून पराठ्याचा तुकडा मागून घेऊन मी सर्वांसमोर खाल्ला. पराठा फार चांगला होता.

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार

गणपतीच्या सुट्टीनंतर मुले डब्याऐवजी पैसे आणू लागली आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकण्यास मनाई आहे, आणि शाळेने तसे फलकही लावले आहेत. पन्नास मीटरच्या पुढे काय असते हे मुलांना आमच्याइतकेच ठाऊक आहे.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दुसरे सत्र थंडीत सुरू झाले, आणि डब्याचे अर्धे प्रश्न हवेनेच सोडवले. बाजारात मटार, गाजर, मेथी आणि ओला हरभरा येऊ लागल्यामुळे बटाट्याची सद्दी संपली.

या महिन्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजम्यासारखे कडधान्य, डब्यात आणायचा प्रयत्न चालू आहे. त्याला भौगोलिक मानांकन असून तो आमच्या जिल्ह्याचा अभिमान असला तरी मुलांना तो रश्श्यातच माहीत आहे, आणि रस्सा डब्याला चालत नाही. म्हणून घेवडा रात्री भिजवून, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून, लसूण-तिखटाच्या फोडणीत कोरडा होईपर्यंत घोटला आणि तो चपातीच्या गुंडाळीत भरला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: कच्च्या घेवड्यातला लेक्टिन नावाचा घटक पोट बिघडवतो आणि तो जाण्यासाठी घेवडा चांगला उकळावाच लागतो. कुकरच्या शिट्ट्यांनी ते काम होते, अर्धवट शिजवण्याने होत नाही.

फळांच्या बाबतीत निष्कर्ष लवकर निघाला. सफरचंदाच्या फोडी लिंबू लावल्याने काळ्या पडत नसल्या तरी मऊ पडतात आणि मुले त्या टाळतात. पेरू मात्र चिरूनही करकरीत राहतो. केळे डब्याबाहेरच ठेवावे, नाहीतर सगळ्या डब्याला केळ्याचा वास लागतो.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

आज भोगी. शनिवारी फळ्यावर फक्त “सोमवारी ज्यांच्या घरी होईल त्यांनी भोगीची भाजी आणावी” एवढेच लिहिले होते. हरभरा, गाजर, वांगे, पावटा, बोरे आणि तिळाचे कूट असलेली ही भाजी प्रत्येक घरची वेगळी निघाली, आणि कोणाच्या भाजीत बोरे आहेत आणि कोणाच्या भाजीत नाहीत यावर वर्गात बराच वाद रंगला. एरवी वांगे न खाणाऱ्यांनीही शेजाऱ्याच्या डब्यातले खाल्ले.

बाजरीची भाकरी मात्र दुपारपर्यंत लाकडासारखी झाली होती. बाजरीत ग्लुटेन नसल्याने भाकरीला लवचीकपणा नसतो, आणि पीठ जुने असेल तर ते कडवटही लागते. ताज्या दळलेल्या पिठात थोडी कणीक, तीळ आणि मेथी घालून केलेले धपाटे दुपारपर्यंत टिकतात, असे दोन घरांचे म्हणणे आहे.

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

ऊन तापू लागले. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त झाल्याने ती डब्यांत दिसते आहे. ती धुतल्यावर फडक्यावर पूर्ण कोरडी करूनच द्यावी, असे कळवले.

आज मुख्याध्यापकांपुढे वर्षभराच्या नोंदी ठेवल्या. पद्धती सुधारल्यामुळे चपाती आणि भाजी परत जाण्याचे प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतके कमी झाले आहे, परंतु साडेसहाला भरलेले डबे आणि आठनंतर भरलेले डबे यांच्यातला फरक कोणत्याही युक्तीने पुरता मिटलेला नाही. आईने साडेसहाच्या आत याहून वेगळे काही करावे, असे सांगण्याजोगे आता माझ्याकडे फारसे उरलेले नाही. डबा भरण्याची वेळ नोकरीने ठरते आणि ती पालकांच्या हातात नाही. डबा उघडण्याची वेळ मात्र आमच्या घंटेने ठरते. म्हणून मोठी सुट्टी साडेअकराला आणावी आणि छोटी सुट्टी तिच्यानंतर, दीडच्या सुमारास ठेवावी, असा प्रस्ताव दिला. ओलसर अन्न आधी खाल्ले जाईल, आणि भाजलेले फुटाणे, चिक्की, पेरू यांसारखा न बिघडणारा खाऊ नंतरसाठी राहील.

७ मार्च २०२५, शुक्रवार

प्रस्ताव पुढील वर्षासाठी मंजूर झाला. साडेअकराला भूक लागत नाही अशी शंका एका शिक्षकांनी काढली होती, म्हणून या आठवड्यात फक्त तिसरीची सुट्टी साडेअकराला घेऊन पाहिली. मुलांना भूक लागलेली होती. थर्मासमधला भात उघडताना वाफ दिसली, ती याआधी कधी दिसली नव्हती, आणि चपातीच्या फडक्यात अजून किंचित ऊब होती.

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. प्राथमिक विभागाची सुट्टी आता माध्यमिकच्या छोट्या सुट्टीला जोडून येणार असल्याने नळांवर मोठ्या मुलांची गर्दी असते, आणि तिसरीची मुले हात न धुताच परत येतात. पटांगणाच्या भिंतीलगत मुलांच्या उंचीच्या वेगळ्या तोट्या बसवून मिळाव्यात, असा अर्ज आज कार्यालयात दिला आहे.